तळ्यातील वनस्पती काय सांगतात?

तळ्याच्या पाण्याची स्थिती त्यातील वनस्पतींवरून पुष्कळ अंशी ओळखता येते. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो; त्या नाहीशा होऊ लागल्यास पाणी बहुधा गढूळ होत आहे, असे समजावे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाण्यातून व शेतांतून वाहून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर ती झपाट्याने पसरते. तिच्या दाट थराखाली प्राणवायू घटून मासे गुदमरतात. ती नुसती उपसून भागत नाही. सांडपाणी अन्यत्र वळवावे व खत बेताने द्यावे.

मात्र रोगजंतू वनस्पतींवरून कळत नाहीत. म्हणून तळे नितळ दिसले, तरी पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याविषयी ग्रामकार्यकर्त्यांनी दक्ष राहावे.