हायड्रोचा ड्रम आणि बादलीभर पाणी

सोलापुरी चादरीचा रंग सहजासहजी जात नाही, हा तिचा जुना लौकिक. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या लौकिकात विणकराच्या हातांइतकाच रंगाऱ्याच्या हौदाचाही वाटा आहे. पक्क्या रंगांपैकी व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाहीत. ते सुतात उतरावेत म्हणून हौदात कॉस्टिक सोड्याबरोबर एक पांढरी, गंधकासारख्या उग्र वासाची पूड घालावी लागते. तिचे शास्त्रीय नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. बाजारात मात्र तिला 'हायड्रो' किंवा 'हायड्रोस' म्हणतात. गुऱ्हाळात गुळाचा रंग उजळावा म्हणून वापरली जाणारी पूडही हीच.

भवानी पेठ आणि तिच्या लगतच्या पूर्व भागात यंत्रमाग, रंगकाम, सुताचा व्यापार आणि राहती घरे एकमेकांना खेटून आहेत. खाली दुकान, मागे वखार आणि वर बिऱ्हाड ही जुन्या पेठांची रीतच आहे. अशा ठिकाणी हायड्रोचे 50 किलोचे लोखंडी ड्रम मीठ-सोड्याच्या पोत्यांशेजारी निर्धास्तपणे ठेवले जातात. ही पूड काडी न लावताही पेटू शकते, हे मालकाला ऐकून ठाऊक असते. परंतु ती सांडली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, हे बहुतेक वेळा कोणीच ठरवून ठेवलेले नसते.

स्वभाव ओळखावा

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत या रसायनाचा क्रमांक 1384 असून वर्ग 4.2 आहे. 4.2 म्हणजे आपोआप पेट घेणारे पदार्थ. वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा लाल, त्यावर ज्योत आणि तळाशी 4 हा आकडा, अशी चौकट ड्रमवर दिसली की माल कोणत्या जातीचा आहे हे समजावे.

हायड्रो कोरडी आणि थंड असेपर्यंत शांत असते. दमट हवा, ओला हात, छपरातून ठिबकणारे पाणी किंवा नीट न बसलेले झाकण, यांपैकी काहीही तिला पुरते. ओलावा लागलेला भाग तापू लागतो. ढीग मोठा असल्यास ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, आतल्या आत साठते आणि शेजारची पूडही विघटित होऊ लागते. त्यातून सल्फर डायऑक्साइड हा घसा व डोळे जाळणारा वायू निघतो. तो हवेपेक्षा दुपटीहून जड असल्याने तळघरात, बोळात आणि जमिनीलगत साचून राहतो. विघटन एकदा पुढे गेले की त्याला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. म्हणूनच पेटलेल्या हायड्रोवर वाळू टाकून किंवा पोते झाकून ती विझत नाही. दडपल्यासारखी दिसते, पण आत जळतच राहते.

थोडे पाणी शत्रू, मुबलक पाणी मित्र

या रसायनाबाबत सर्वांत मोठी गफलत पाण्याच्या संदर्भात होते. धूर दिसताच माणूस सवयीने बादली उचलतो. बादलीभर पाण्याने मोठा ढीग गार होत नाही. उलट त्याला हवा असलेला ओलावाच मिळतो आणि तो अधिक तापतो. मात्र उत्तर अमेरिकेतील अग्निशमन दले जी आपत्कालीन मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात या वर्गातील इतर अनेक पदार्थांवर पाणी वापरू नये असे सांगताना हायड्रोचा स्पष्ट अपवाद केला आहे. आग लहान असो वा मोठी, पाण्याचा पूर मारून विघटन थांबवावे, असे ती सांगते. एवढे पाणी दुकानात नसते, ते अग्निशमन दलाच्या बंबात असते. म्हणून धूर दिसल्यावर दुकानदाराचे काम विझवण्याचे नसून माणसे बाहेर काढण्याचे आणि बंब बोलावण्याचे आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात लोडी येथे 21 एप्रिल 1995 रोजी जे घडले, ते या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथील एका कारखान्यात हायड्रो आणि ॲल्युमिनियमची पूड मोठ्या मिश्रणयंत्रात एकत्र केली जात होती. यंत्रात पाणी शिरले. मिश्रण तापू लागले, उग्र वास येऊ लागला. ते रिकामे करण्यासाठी कामगार आत गेले आणि स्फोट झाला. 5 जणांचे प्राण गेले. तापू लागलेल्या मालाजवळ माणसे पाठवणे, हीच तेथील सर्वांत महाग गोष्ट ठरली.

सांडल्यास काय करावे

पूड सांडली आहे, पण कोरडी आणि थंड आहे. धूर नाही, वास वाढलेला नाही. अशा वेळी काम शांतपणे करता येते. प्रथम आसपासची माणसे दूर करावीत. मार्गदर्शिकेनुसार घन पदार्थासाठी हे अंतर सर्व बाजूंनी किमान 25 मीटर आहे. विडी, शेगडी, वेल्डिंग आणि ठिणगी उडवणारी यंत्रे बंद करावीत. कोरडे हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखपट्टी यांशिवाय पुडीला कोणी हात लावू नये. प्लास्टिकच्या कोरड्या, स्वच्छ सुपलीने ती उचलून कोरड्या प्लास्टिकच्या पिंपात भरावी. झाकण घट्ट न लावता सैल ठेवावे, कारण आत वायू निर्माण झाल्यास त्याला वाट हवी. लगेच उचलणे शक्य नसेल तर कोरडी वाळू टाकून वर प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे पावसाचा थेंब पोहोचणार नाही.

सांडलेला माल, तो कितीही स्वच्छ दिसला तरी, मूळ ड्रममध्ये परत टाकू नये. किलोभर मालाच्या मोहापायी पूर्ण ड्रम धोक्यात येतो. लाकडाचा भुसा, गोणपाट, ओला पोछा यांनी पूड टिपू नये. ब्लीचिंग पावडर, सोडियम नायट्राइट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कोणतेही ॲसिड तिच्याजवळ येऊ देऊ नये. रंग-रसायनांच्या दुकानात हे सर्व माल एकाच फळीवर सापडतात, ही खरी अडचण आहे. पूड गटारात लोटणे हाही उपाय नव्हे.

ड्रम कोमट लागत असेल, धूर किंवा तीव्र वास येत असेल, तर झाकण उघडून पाहू नये आणि ड्रम उचलून रस्त्यावरही नेऊ नये. सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंच भागाकडे निघावे. वरच्या मजल्यावरील कुटुंबाला सर्वप्रथम हाक द्यावी. 101 किंवा 112 वर फोन करून 'आग लागली' एवढेच न सांगता, 'सोडियम हायड्रोसल्फाइट, क्रमांक 1384, अंदाजे इतके ड्रम' असे सांगावे. या एका वाक्याने बंबावरील जवानांचा निर्णय बदलतो. वायू छातीत गेलेल्यास मोकळ्या हवेत न्यावे आणि 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यांत किंवा अंगावर पूड गेल्यास वाहत्या पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटे धुवावे.

वखार आणि वहीखाते

प्रतिबंध त्यामानाने स्वस्त आहे. ड्रम जमिनीपासून उंच लाकडी फळ्यांऐवजी लोखंडी मांडणीवर, गळक्या छपरापासून आणि नळापासून दूर ठेवावेत. आधी आलेला माल आधी विकावा. सुटी विक्री करायची असल्यास एका वेळी एकच ड्रम उघडावा. पावसाळ्यापूर्वी साठा कमी करावा.

विम्याचीही एक बाजू आहे. स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स या प्रचलित अग्निविमा पॉलिसीत, माल स्वतःच्या उष्णतेने पेटल्यास त्या मालाचे नुकसान मूळ संरक्षणातून वगळलेले असते. जादा हप्ता भरून ते जोडून घ्यावे लागते. 2021 पासून लहान उद्योगांसाठी आलेल्या पॉलिसींच्या अटी वेगळ्या आहेत. म्हणून आपली पॉलिसी कपाटातून काढून हे कलम वाचावे आणि विमा प्रस्तावात साठ्याचे खरे वर्णन दिले आहे ना, हे पाहावे. बँकेकडे तारण असलेल्या मालाबाबत तर हे अधिकच आवश्यक आहे.

18 मे 2025 रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जणांचा मृत्यू झाला. मृतांत आवारातच राहणारे मालक, त्यांचे कुटुंबीय आणि एक लहान मूलही होते. त्या आगीची कारणे काहीही असोत, घर आणि कारखाना एकत्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला तिने एक प्रश्न विचारला आहे: रात्री दोन वाजता धूर आला तर वरच्या मजल्यावरची माणसे कोणत्या दाराने बाहेर पडतील?

या प्रश्नाचे उत्तर दुकानातील सर्वांना, हमालापासून सुनेपर्यंत, पाठ हवे. ड्रमचा क्रमांक, अग्निशमन दलाचा दूरध्वनी आणि 'बादली नको, बंब बोलवा' हे चार शब्द वखारीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून लावण्यास दहा मिनिटे लागतात.