आवाज नेमका कुठे तुटतो?

मुळशी तालुक्यात दोन मुलूख शेजारी नांदतात. पूर्वेला हिंजवडी, जिथे जमिनीखाली फायबरचे जाळे आहे. पश्चिमेला धरणाच्या पाण्याभोवतीची आणि ताम्हिणीकडे चढत जाणारी गावे, जिथे डोंगराची एक सोंड ओलांडली की मोबाइलची रेंज जाते. हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅमना, हा भूगोल आणखी काटेकोरपणे जाणवतो. त्यांचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा साधारण नजरेच्या रेषेत चालतो. भोवतालाहून ४०० मीटर उंचीवर अँटेना असली, तर सपाट मुलखात तिचे रेडिओ-क्षितिज हिशेबाने ८० किलोमीटरवर जाते. पण मध्ये सह्याद्रीचा कडा आला, की त्याच्या आडोशातले पाच किलोमीटरवरचे गावही मुके होते. रेडिओला इंटरनेटची जोड देणारा ‘नोड’ अशाच जागी खरा उपयोगी पडतो, आणि त्याचा सर्वांत चिवट दोषही अशाच जागी छळतो: आवाज येतो, मध्येच तुटतो, पुन्हा येतो. खापर बहुतेकदा ‘नेट’वर फुटते, नाहीतर पावसावर. पण हा दोष आपला पत्ता स्वतःच सांगत असतो. आवाज किती वेळ तुटतो, किती वेळाने तुटतो आणि कोणत्या दिशेला तुटतो, हे नीट ऐकले तर बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते पुष्कळदा पेचकस हाती घेण्याआधीच कळते.

आधी यंत्राची ओळख. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये ‘आयआरएलपी’ हा जोडप्रकल्प उभा केला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टेलर यांचे ‘एकोलिंक’ आले. टेलिफोन एक्स्चेंजचे काम करणाऱ्या ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त प्रणालीवर जिम डिक्सन यांनी जे काम उभारले, त्यातून ‘ऑलस्टारलिंक’ घडले. तिन्हींची मांडणी सारखीच आहे: एक रेडिओ, त्याचा आवाज संगणकात नेणारे साउंड कार्ड, रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, राउटर आणि पलीकडे हीच मांडणी उलट क्रमाने. बिनतारी आणि तार यांची सांगड पुणे जिल्ह्याला नवी नाही. १९२७ मध्ये इंग्लंडशी बीम वायरलेस सेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण खडकीहून होई, ग्रहण दौंडला होई आणि संदेश मुंबईपर्यंत जमिनीवरच्या तारेने जात. तेव्हाही संदेश अडला तर तो हवेत अडला की तारेत, हा पहिला प्रश्न असणार. आज फरक इतकाच, की टप्पे दोनाचे आठ-दहा झाले आहेत.

आता ‘नेट स्लो आहे’ हा आरोप तपासू. एकोलिंक आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करते, ते दाबून लहान करते आणि असे चार तुकडे एका पॅकेटात भरून सेकंदाला साडेबारा पॅकेटे पाठवते. वेष्टनासह सगळा भार सेकंदाला सुमारे १७ किलोबिट. ऑलस्टारलिंकवर आवाज न आकसता पाठवला, तरी हा आकडा ८० किलोबिटांच्या आतच राहतो. म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी ३०० मेगाबिटची केल्याने तुटणारा आवाज सांधला जाईल, ही आशा हिशेबात बसत नाही. आवाजाला वेग फारसा लागत नाही, त्याला नियमितपणा लागतो. वेबपान उघडताना हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते. बोलण्यात तेवढी सवड नसते, म्हणून इथे वापरलेली यूडीपी पद्धत हरवलेल्याची वाट पाहत नाही. एक पॅकेट गेले की ८० मिलिसेकंदांचे बोलणे गेले. आपण सेकंदाला पाच-सहा अक्षरे बोलतो असे धरले, तर अर्धे अक्षर कातरले गेले. पाठोपाठ तीन-चार गेली तर ‘पौड’ आणि ‘पौष’ यांत फरक उरत नाही. त्यामुळे बारीक, अनियमित कातरणे, तेही संध्याकाळी घरोघरी व्हिडिओ सुरू झाल्यावर वाढणारे, ही जाळ्यातल्या गर्दीची खूण. आपला आवाज पलीकडे तुटतो आणि पलीकडचा इथे स्वच्छ येतो, असे असेल तर घरातलाच एखादा फोन फोटोंची प्रत वर चढवत नाही ना, हे आधी पाहावे. वर जाणारी वाट अरुंद असते आणि राउटरमध्ये लागलेल्या रांगेत आवाजाची पॅकेटे खोळंबतात.

दुसरा आरोपी पाऊस. २०२४च्या जुलैअखेर ताम्हिणी परिसरात २४ तासांत ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अशा मुलखात त्याच्यावर संशय येणे साहजिक आहे. पण १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे दोन मीटर, आणि थेंब काही मिलिमीटरचा. या लहरींना पावसाची सर जवळपास जाणवतच नाही. पाऊस दोषी ठरतो तो आडवाटेने. मोबाइल टॉवर जिथे फायबरऐवजी १५ ते २३ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हने जोडलेले असतात, तिथे तरंगलांबी दीड-दोन सेंटिमीटरवर येते आणि मुसळधार सरीत ती जोडणी खरोखर लुळी पडते. दुसरी आडवाट अँटेनाच्या केबलची. नीट न गुंडाळलेल्या कनेक्टरमधून पाणी कोॲक्स केबलमध्ये उतरते आणि ताकद केबलमध्येच जिरते. दोन्हींची लय निराळी असते. मायक्रोवेव्हचा दोष सरीबरोबर येतो आणि सर ओसरली की जातो. केबलमधले पाणी पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस छळते आणि इंटरनेट बंद ठेवून केवळ स्थानिक रेडिओवर बोलले तरी खरखर राहते. वेळेची नोंद ठेवली असेल तर ‘पावसात तुटतो’ या एका तक्रारीतून दोन स्वतंत्र दुरुस्त्या निघतात.

घड्याळासारखी ठरावीक अंतराने येणारी खोट मात्र जाळ्याची नसते, ती खरोखरच घड्याळाची असते. दोन टोकांची साउंड कार्डे सेकंदाला ८००० नमुने घेतो म्हणतात, पण त्यांचे स्फटिक तंतोतंत जुळत नाहीत. फरक दहा लाखांत शंभराचा असेल, तर दर सेकंदाला एक दशांश मिलिसेकंद साचते आणि २० मिलिसेकंदांची आवाजाची साठवण (बफर) २०० सेकंदांत रिकामी होते किंवा भरून सांडते. तीन मिनिटे वीस सेकंदांनी एकदा येणारी टिचकी ऐकून कितीही राउटर बदलले, तरी ती जाणार नाही. प्रक्षेपण सुरू होताच तुटणारा आवाज वेगळे सांगतो. एकतर रेडिओची ऊर्जा यूएसबीच्या तारेत शिरते आहे, तिथे फेराइटचे कडे लागेल; किंवा रेडिओ एकाच पुरवठ्यातून काही अँपिअर ओढतो आणि संगणकाचे ५ व्होल्ट खाली घसरतात. रास्पबेरी पाय सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेल्याची नोंद स्वतः ठेवतो, ती वाचायची तसदी घ्यावी लागते. प्रत्येक वेळी पहिलेच अक्षर गळत असेल, तर स्क्वेल्च (संकेत नसताना आवाज बंद ठेवणारी झडप) उघडायला आणि संकेतासोबतचा टोन ओळखायला लागणारा वेळ कारण आहे. बटण दाबून अर्धा सेकंद थांबून बोलणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय. काही वेळ शांतता गेल्यावर पलीकडचा आवाज एकदम बंद पडत असेल, तर राउटरने यूडीपीची वाट विसरलेली असते. आरएफसी ४७८७ हे इंटरनेटचे मानक ही वाट किमान दोन मिनिटे उघडी ठेवायला सांगते. घाईने बंद करणारे राउटर तरीही भेटतात. मोबाइल डेटावर बहुधा स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच मिळत नाही, म्हणून तिथे एकोलिंकला प्रॉक्सीचा आधार घ्यावा लागतो.

यावर अनुभवी माणूस म्हणेल, पिंग (पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) तर उत्तम आहे, मग जाळे निर्दोष. नेहमीचे पिंग सेकंदाला एकदा जाते. ऑलस्टारलिंकचा आवाज सेकंदाला ५० पॅकेटांनी जातो. दोन पिंगांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचा खंड पडला तर तपासणीला तो दिसणारच नाही. पिंगचे अंतर २० मिलिसेकंदांवर आणून ते तासभर चालू ठेवले, तर साक्ष विश्वासार्ह होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी चिकित्सा कशाला, बफर वाढवा. त्यात तथ्य आहे. टेलिफोनसाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. पण आळीपाळीने बोलणाऱ्या हॅमना ३०० मिलिसेकंदही खपतात. उशिरा येणाऱ्या पॅकेटांवर बफर हे रास्त औषध आहे. न येणाऱ्या पॅकेटांवर ते काहीच करत नाही, घसरलेल्या व्होल्टेजवर आणि भिजलेल्या केबलवर तर मुळीच नाही. म्हणून औषधाआधी निदान हवे, आणि ते साखळी अर्ध्यावर तोडत जाऊन होते. इंटरनेटची लिंक बंद ठेवून केवळ रिपीटर (ऐकलेले बोलणे उंचावरून पुन्हा प्रक्षेपित करणारा रेडिओ) ऐकावा. मग रेडिओ बाजूला ठेवून संगणकावरून एकोलिंकच्या ९९९९ या चाचणी नोडवर बोलावे. तो आपलेच बोलणे परत ऐकवतो. पहिले स्वच्छ आणि दुसरे तुटके, तर दोष संगणकापासून पलीकडे. उलट असेल तर अलीकडे. दोन्ही स्वच्छ असतील तर संशय दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे रेडिओ आणि साउंड कार्ड यांच्या जोडणीवर येतो. शेवटी एकच बोलणे दोन्ही टोकांना ध्वनिमुद्रित करून वेळेनुसार शेजारी लावले, की वादाला जागा उरत नाही.

सर्वांत जुना आक्षेप तत्त्वाचा आहे: इंटरनेट आले की तो हॅम रेडिओ राहतच नाही, आणि आपत्तीत इंटरनेटच आधी पडते. २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हॅमनी थेट रेडिओवर संदेश वाहिले, याचा दाखला त्यासाठी दिला जातो, आणि तो खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नोड मोडीत काढण्याचा नाही. लिंक तुटली तरी डोंगरावरचा रिपीटर स्थानिक बोलणे चालू ठेवील, अशी मांडणी असली पाहिजे, एवढाच तो निष्कर्ष आहे. आपत्तीत पूर्ण बंद पडलेला नोड परवडतो, कारण माणसे लगेच दुसरा मार्ग धरतात. अधूनमधून तुटणारा नोड जास्त घातक, कारण अर्धा संदेश पूर्ण समजला जातो आणि गावाचे नाव किंवा जखमींचा आकडा मधल्यामध्ये गळतो. म्हणून नोड चालवणाऱ्याने कोरड्या दिवसांतच एक वही सुरू करावी: तारीख, वेळ, दिशा, खंड किती लांब, पाऊस होता की नाही, प्रक्षेपण चालू होते की नाही. नवे राउटर घेण्याआधी ही वही वाचली, तर खर्च पुष्कळदा एका कनेक्टरवर भागतो.