जुनी कॅराव्हॅन घेताना आधी कोपरे बघा

ब्रिटनमध्ये मोटारीच्या मागे जोडून ओढायच्या कॅराव्हॅनला स्वतःचा नंबर नसतो. पुढच्या मोटारीचा जो नंबर, त्याचीच पाटी मागे लावायची. मोटार तीन वर्षांची झाली की तिला दर वर्षी एमओटीची चाचणी द्यावी लागते. कॅराव्हॅनला तीही नाही. आपल्याकडच्या आरसी बुकासारखा सरकारी कागदही नाही. रस्त्यावर आणलेली कॅराव्हॅन सुरक्षित असलीच पाहिजे असं कायदा सांगतो, पण ती तशी आहे का, हे वर्षाला एकदा बघणारं कुणी नाही. पंधरा वर्षं जुनी कॅराव्हॅन विकायला उभी असते तेव्हा तिला एकाही अधिकृत परीक्षकाचा हात लागलेला नसण्याची पूर्ण शक्यता असते. पहिल्यांदा घेणाऱ्याने हे मनाशी पक्कं करावं की परीक्षक तो स्वतःच आहे.

इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना या प्रकाराची ओढ वाटते, याचं मला नवल वाटत नाही. मुलांच्या शाळांना सुट्टी लागली की हॉटेलांचे दर चढतात, आणि दोन वेळा घरचं जेवण हवं असतं. स्वतःची चूल, स्वतःचं अंथरूण आणि रोज सकाळी दारात वेगळा समुद्र किंवा वेगळा डोंगर. शिवाय परवान्याची जुनी अडचणही गेली. १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा दिलेल्यांना पूर्वी मोटार आणि कॅराव्हॅन यांचं मिळून ३,५०० किलोंचं बंधन पाळावं लागे, नाहीतर वेगळी परीक्षा द्यावी लागे. भारतातून जाऊन तिथे परीक्षा दिलेले बहुतेक सगळे याच गटात येत. १६ डिसेंबर २०२१ पासून हे बंधन उठलं आणि साध्या परवान्यावर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. पण परीक्षा गेली तशी ती देण्यासाठी घेतलं जाणारं शिक्षणही गेलं. कॅराव्हॅनवाल्यांच्या क्लबांचे ओढण्याचे वर्ग आजही असतात. खरेदीच्या आधी त्यातला एक जरूर करावा, कारण कॅराव्हॅन उलटी घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला वळवावं त्याच्या विरुद्ध बाजूला ती जाते, आणि हे वाचून हातात येत नाही.

खरेदीची सुरुवात कॅराव्हॅनपाशी होत नाही. ती घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीपाशी होते. मोटारीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते. तिच्यावरचा पहिला आकडा भरलेल्या मोटारीचं कमाल वजन आणि दुसरा आकडा मोटार व ट्रेलर मिळून कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरलेली मोटार किती ओढू शकते ते कळतं. मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याची वेगळी मर्यादा दिलेली असते, तीही बघावी. काही मोटारींना, त्यात अनेक इलेक्ट्रिक मोटारी आल्या, काही ओढण्याची परवानगीच नसते.

पण मोटार जेवढं ओढू शकते तेवढं नवख्याने ओढू नये. तिथले क्लब आणि कॅराव्हॅन उद्योगाची संघटना नवख्यांना ८५ टक्क्यांचा सल्ला देतात: कॅराव्हॅनचं भरलेलं कमाल वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं. मोटार १,५०० किलोंची असेल तर कॅराव्हॅन १,२७५ किलोंपर्यंत. मागचं वजन पुढच्याहून भारी होऊ लागलं की बाजूच्या वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या झोताने कॅराव्हॅन डोलू लागते, ते डोलणं वाढत जातं आणि मागचं पुढच्याला ओढू लागतं. महामार्गावर कॅराव्हॅन आडवी होण्यामागे बहुतेकदा वेग, वजन किंवा चुकीचं सामान भरणं यांपैकी काहीतरी असतं. कॅराव्हॅन ओढणाऱ्याला मोटरवेवर ताशी ६० मैल आणि साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटरवेवर उजवीकडच्या शेवटच्या मार्गिकेत जाता येत नाही.

कॅराव्हॅनच्या दाराजवळच्या पट्टीवरही दोन आकडे शोधायचे: कारखान्यातून निघतानाचं वजन, आणि सगळं भरून झाल्यावर कायद्याने चालणारं कमाल वजन, ज्याला तिथे एमटीपीएलएम म्हणतात. या दोहोंतला फरक म्हणजे तुमचं सामान. हा फरक अनेकदा जेमतेम दीडशे किलोंचा असतो. त्यातून बॅटरी, पुढे लावायचा तंबू, खुर्च्या, आणि आधीच्या मालकाने हातरिमोटने चाकं फिरवणारा मूव्हर बसवला असेल तर त्याचे तीसेक किलो वजा करा. चार माणसांचे कपडे, अंथरुणं आणि डाळ-तांदूळ उरलेल्या वजनात बसवायचे आहेत. शिवाय कॅराव्हॅनचं नाक मोटारीच्या हुकावर जे वजन टाकतं ते भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं असा ठोकताळा आहे. १,३०० किलोंच्या कॅराव्हॅनला ७ टक्के म्हणजे ९१ किलो, आणि अनेक लहान मोटारींच्या हुकाची मर्यादा ७५ किलोच असते. हा हिशेब विक्रेत्याच्या दारात उभं राहून होत नाही. घरून करून, कागदावर लिहून जावा.

आता मुख्य गोष्ट. कॅराव्हॅन संपते ती चालून नव्हे, तर ओलीने.

जुन्या कॅराव्हॅनची भिंत बाहेरून पत्र्याची दिसते, म्हणून ती टिकाऊ वाटते. आत काय असतं? बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मधल्या जागेत थर्माकोलसारखा थर, आतून कागद चिकटवलेलं पातळ प्लायवूड आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्र्यांचे सांधे, खिडक्या, छतावरचे झरोके, दिवे, हँडल, तंबू अडकवायची पट्टी, अशा प्रत्येक ठिकाणी स्क्रू आहेत आणि पाणी अडवायला मॅस्टिकचा थर आहे. मॅस्टिक वर्षांनुवर्षं मऊ राहावं अशी अपेक्षा असते, पण उन्हाने ते सुकतं आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सुटतं. पाणी केसाएवढ्या फटीतून शिरतं, लाकडाला धरून उतरतं आणि शिरलं तिथून दोन-तीन फुटांवर साचतं. आतला कागद मात्र कित्येक महिने, कधी वर्षंही, स्वच्छ दिसत राहतो. कोकणातल्या घराची भिंत पावसाळ्यात पोपडे धरून निदान ओरडून सांगते. ही भिंत कुजेपर्यंत गप्प राहते.

म्हणून आत शिरल्याबरोबर गाद्यांकडे, चकचकीत स्वयंपाकघराकडे बघू नका. आधी वास घ्या. बंद कॅराव्हॅनमधला कुबट वास लपत नाही, आणि सुगंधी फवारा मारलेला असेल तर का मारला, हे विचारा. मग गाद्या उचला, कपाटं उघडा, आणि पुढच्या खिडकीच्या खालचे, मागच्या भिंतीचे खालचे आणि छताजवळचे कोपरे अंगठ्याने दाबत चला. भिंत टणक लागली पाहिजे. ती मऊ लागली, कागदाला सुरकुती किंवा फुगवटा असला, काळपट ठिपके दिसले, तर आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो. दारातल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच्या जमिनीवर पूर्ण वजन टाकून उभे राहा. जमीन स्पंजासारखी दबली किंवा करकरली तर तिचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात. हे दुरुस्त होतं, पण खर्च धरूनच भाव करावा.

ओल मोजायचं दोन टोकांचं छोटं यंत्र मिळतं, ते सोबत न्यावं. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा ठीक, १५ ते २० असेल तर पुन्हा काही महिन्यांनी बघावं, २० च्या वर गेला तर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, आणि ३० च्या पुढे लाकूड कुजायला लागलंय असं समजावं. एकाच ठिकाणच्या आकड्यावर जाऊ नये. थंड सकाळी भिंतीवर जमलेलं दवही आकडा वाढवतं. डाव्या कोपऱ्यात १२ आणि उजव्या कोपऱ्यात २६ आला, तर तो फरक बोलका असतो. माझं स्पष्ट मत आहे की जिथे दोन ठिकाणी ३० दिसले ती कॅराव्हॅन नवख्याने कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कुजलेला सांगाडा बदलायचा म्हणजे भिंत उघडायची, आणि जुन्या कॅराव्हॅनच्या किमतीहून ते काम महाग पडू शकतं.

२०१० च्या सुमारास ब्रिस्टलच्या बेली कंपनीने ॲल्युमिनियमच्या जोडपट्ट्यांची बांधणी आणली; हल आणि आसपासच्या भागात, म्हणजे ब्रिटिश कॅराव्हॅन उद्योगाच्या माहेरघरी, स्विफ्टसारख्या कारखान्यांनीही पुढे सांगाड्यातून लाकूड काढलं. नव्या बांधणीत कुजायला कमी असतं, पण पाणी शिरत नाही असं नाही. म्हणून परीक्षा तीच.

ओलीच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे दर वर्षीच्या सर्व्हिसचा अहवाल. चांगला मेकॅनिक त्यात कॅराव्हॅनचा आराखडा काढून जागोजागचे आकडे लिहितो. पाच वर्षांचे असे पाच कागद समोर ठेवणारा विक्रेता भेटला तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. कारखान्याने पाणी शिरण्याविरुद्ध दिलेली हमीही सहसा दर वर्षी सर्व्हिस झाली असेल तरच लागू राहते.

खालच्या बाजूचं काम त्या मानाने सोपं आहे. कॅराव्हॅन वर्षात थोडीच चालते, त्यामुळे टायरची नक्षी नवीसारखी दिसते आणि माणूस फसतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर बदलायचा विचार करावा आणि सात वर्षांपुढे तर वापरूच नये असा तिथला सल्ला आहे. हँडब्रेक ओढून ढकलून बघा. हुक सुटला तर ब्रेक लावणारी बारीक तार जागेवर आहे ना ते बघा. गॅसच्या नळीवर तारीख असते. फ्रिज विजेवर आणि गॅसवर दोन्हीकडे चालवून दाखवायला सांगा. तो थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून जाण्यापूर्वीच फोन करून सुरू करून ठेवायला सांगावं. निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, त्यामुळे हिवाळ्यात फिरायचं असेल तर लाल सिलिंडरमधला प्रोपेन लागतो. खिडक्यांच्या ॲक्रिलिकला आणि पुढच्या-मागच्या प्लास्टिक पॅनेलला तडे आहेत का हे नीट बघा, कारण सुटे भाग महाग असतात, आणि २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या लूनरसारख्या कंपनीच्या कॅराव्हॅनसाठी शोधाशोध करावी लागू शकते.

मालकीचा प्रश्न वेगळा. १९९२ पासून ब्रिटिश कारखान्यांतल्या कॅराव्हॅनची क्रिस नावाच्या योजनेत नोंद होते. १७ अक्षरांचा क्रमांक चासीवर आणि खिडक्यांवर कोरलेला असतो. दोन्हीकडचा क्रमांक, आणि कागदावरचा, एकच असला पाहिजे. थोडी फी भरून क्रिसकडून कॅराव्हॅन चोरीची आहे का, तिच्यावर कर्ज आहे का, विम्याने ती मोडीत काढली होती का, हे समजतं. एखाद्या खिडकीवरचा क्रमांक खरवडलेला दिसला, किंवा विक्रेता घरी न बोलावता महामार्गावरच्या पार्किंगमध्ये भेटायचं म्हणाला, तर बोलणं तिथेच थांबवावं. न बघता आगाऊ रक्कम पाठवायची नाही, फोटो कितीही छान असले तरी.

आतल्या मांडणीवर मी मुद्दाम शेवटी येतो, कारण बहुतेक लोक तिथून सुरुवात करतात. सहा जणांची कॅराव्हॅन बघून आई-बाबा भारतातून आले की सगळे एकत्र जाऊ असं वाटतं. पण चालत्या कॅराव्हॅनमध्ये बसून प्रवास करता येत नाही. मोटारीत पट्टे पाच जणांचे असतील तर सहावी झोपायची जागा कशाला? ती वजन मात्र खाते. वयस्क मंडळी येणार असतील तर रोज रात्री सोफे जोडून करायच्या पलंगापेक्षा कायमचा पलंग बरा, आणि रात्री उठणाऱ्याला कुणाला न ओलांडता शौचालयापर्यंत जाता यावं. दुकानात सगळ्यांनी एकदम आत शिरून, आपापल्या जागी आडवं होऊन बघा. लाजू नका, विक्रेत्यांना याची सवय असते. कुकर लावणाऱ्या घराने छताचा झरोका उघडतो ना हेही तपासावं. वाफ भिंतींवर जमली की तीच ओल होते.

बघायला जायला मला शरद ऋतू बरा वाटतो. हंगाम संपलेला असतो, हिवाळाभर कॅराव्हॅन ठेवायची कुठे या चिंतेने मालक भावाला उतरतात, आणि पाऊसही असतो. पावसात जावं. गळती असेल तर त्या दिवशी दिसते. पैशांचा हिशेब करताना किमतीपलीकडचं धरा: विमा, हुकाचं कुलूप, मोटारीला हुकाचा दांडा (टोबार) आणि वायरिंग, जोडायचे रुंद आरसे, पाण्याचं पिंप, आणि घराच्या अंगणात जागा नसेल तर वर्षभराचं भाडं. दोन लहान मुलं असलेल्या कुटुंबाने मोठी आणि अलीकडची पण निष्काळजीपणे वापरलेली घेण्यापेक्षा लहान, जुनी, सर्व्हिसचे सगळे कागद असलेली घ्यावी, असंच मी सांगेन.

खाजगी मालकाकडून स्वस्त मिळते, पण नंतर तक्रारीला फारशी जागा राहत नाही. वर्णनापेक्षा वस्तू वेगळी निघाली तरच. विक्रेत्याच्या दुकानातून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. म्हणून घेतल्यावर ती अंगणात झाकून ठेवू नका. पहिल्या पंधरवड्यातच घराजवळच्या एखाद्या लहान साइटवर दोन रात्री काढा. क्लबच्या मान्यतेने शेतकऱ्यांच्या जागेत चालणाऱ्या अशा साइट असतात, जिथे एका वेळी पाचच कॅराव्हॅन उभ्या राहतात. जाताना वाटेत वजनकाट्यावर सगळं सामान भरलेली कॅराव्हॅन चढवा. तिथे पाणी भरा, गीझर, हीटर, फ्रिज, पंप, सगळे दिवे चालवा, शौचालयाची टाकी काढून परत बसवा, आणि निघायच्या सकाळी ओलीचं यंत्र घेऊन पुन्हा एकदा सगळे कोपरे मोजा. जे बिघडलेलं निघेल ते फोटोसह त्याच दिवशी विक्रेत्याला लिहून कळवा.