भरल्या ताटलीपुढे उपाशी ससा

गोंदिया हा धानाचा जिल्हा. तिरोडा घ्या, आमगाव घ्या की अर्जुनी मोरगाव घ्या, गिरणीतून धान भरडून आणले की घरात कोंडा आणि कनकी आलीच. त्यावर कोंबड्यांचे भागते, जनावरांच्या आंबोणालाही ते कामी येते. मुलांच्या हौसेखातर पांढरा ससा आणलेला असला, तर त्याच्याही पुढे तेच ठेवले जाते. वर उरलेला भात आणि पोळीचा तुकडा. ससा आवडीने खातो, म्हणून घरच्यांनाही समाधान वाटते. पण अशाच सशावर काही महिन्यांनी भरल्या ताटलीपुढे उपाशी बसण्याची पाळी येऊ शकते. याचे कारण त्याच्या दातांत असते.

सशाचे दात जन्मभर वाढतात

सशाच्या तोंडात 28 दात असतात. पुढचे पटाशीचे दात सहा. त्यांत वर चार, कारण दोन मोठ्या दातांच्या मागे दोन बारीक दात लपलेले असतात, आणि खाली दोन. बाकीचे 22 दात दाढांचे. हे सर्व दात मरेपर्यंत वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर, म्हणजे वर्षाला जवळजवळ 10 सेंटिमीटर वाढतात.

एवढी वाढ झिजवते ते गवत. गवत चघळताना सशाचा जबडा आडवा फिरतो आणि दात जात्याच्या पाळूंसारखे एकमेकांवर घासतात. कनकी, कोंडा आणि भात यांना एवढे चघळावे लागत नाही. मग दाढांना टोके येतात, ती जिभेत व गालात रुततात. पुढचे दात जुळत नसले तर ते वाकडे वाढून ओठाबाहेर येतात किंवा टाळूत शिरतात. भूक असते, पण घास घेता येत नाही.

काही सशांचा जबडा जन्मतःच जुळत नाही. आखूड तोंडाच्या जातींत हा दोष जास्त दिसतो. पिंजऱ्याची तार दातांनी ओढल्याने किंवा उंचावरून पडल्यानेही दात वाकतात.

लक्षणे ओळखा

हनुवटी ओली राहणे, घास उचलून खाली टाकणे, गवत सोडून मऊच खाणे, लेंड्या बारीक व कमी होणे, डोळ्यांतून पाणी येणे आणि वजन उतरणे ही लक्षणे आहेत. जबड्याखाली बोटे फिरवून गाठ लागते का तेही पाहावे.

आठवड्यातून एकदा दात तपासावेत. जमिनीवर बसून ससा पंचात गुंडाळून मांडीवर घ्यावा. मागच्या पायांना आधार द्यावा, कारण त्याने जोरात लाथ मारली तर त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून त्याला कधीही उचलू नये. दुसऱ्याने ओठ हलकेच बाजूला करावा. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे आणि धार सरळ असली म्हणजे पुढचे दात ठीक. दाढा मात्र घरी दिसत नाहीत. त्या डॉक्टरांनाच पाहू द्याव्यात.

घरी दात कापू नका

नखे काढायच्या कात्रीने किंवा पकडीने दात कापणे फार धोक्याचे आहे. दात उभा चिरतो, आतली नस उघडी पडते आणि मुळाशी पू होतो. पशुवैद्यक हे काम फिरत्या यंत्राने घासून करतात, आणि दाढांसाठी भूल देतात. ससा ओकारी करू शकत नाही, म्हणून भुलीआधी त्याला उपाशी ठेवायचे नसते. त्याच्या ओळखीचे गवत सोबत न्यावे. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर तेथूनच नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची वाट विचारावी. उन्हाळ्यात प्रवास पहाटेच करावा. सशाला ऊन सोसत नाही.

जन्मजात वाकडे दात दर 3 ते 6 आठवड्यांनी घासावे लागतात. वारंवार तसे करण्यापेक्षा डॉक्टर कधी पुढचे दात काढण्याचा सल्ला देतात. त्यानंतर चारा बारीक चिरून दिला तर ससा चांगला जगतो. अशा सशाची पैदास मात्र करू नये.

सशाने 12 तास काही खाल्ले नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसांची उरलेली औषधे देऊ नका. पेनिसिलिन जातीची औषधे तोंडावाटे दिली तर सशाच्या जिवावर बेततात.

खरा उपाय धुऱ्यावर

धुऱ्यावरचे गवत व हरळी कापून सावलीत वाळवावी आणि ती दिवसभर पुढे ठेवावी. सशाच्या आहारात मोठा वाटा गवताचाच हवा. फवारणी झालेल्या बांधीजवळचे गवत घेऊ नये. धानाची तणीस अंथरायला चांगली, पण तेवढ्या चाऱ्यावर ससा पोसला जात नाही. कनकीची सवय लागलेल्या सशाला गवतावर एकदम आणू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू आणावे, नाहीतर पोट बिघडते.

नवा ससा विकत घेताना आधी ओठ उचलून दात पाहावेत. शेतात सापडलेले रानसशाचे पिलू मात्र घरी आणू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. त्यासाठी रोज मूठमूठ गवत आणि आठवड्यातून एकदा दातांची पाहणी एवढे मुलांच्या हाती सोपवावे. मुले ते आनंदाने करतील.