८२ टक्के म्हणजे नेमके काय?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, 'किती टक्के?' मिठाई वाटली जाते, मामू-खालांचे फोन येतात आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी ठरवूनही टाकते, 'ऐंशीच्या वर आहेत, सायन्सच घ्या.' आम्ही शिक्षक मात्र पालकांना सांगतो, जरा थांबा. आधी गुणपत्रिका विषयवार वाचा.

समजा, उर्दू माध्यमाच्या एका मुलीला उर्दूत ९२, सामाजिक शास्त्रांत ८८, मराठीत ८५, इंग्रजीत ८०, विज्ञानात ६५ आणि गणितात ४४ गुण मिळाले. राज्य मंडळाच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्ये सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरतात. बेरीज ४१०, टक्के ८२. गणिताचे ४४ या आकड्यात कुठेच दिसत नाहीत. तिला अकरावी सायन्सला प्रवेशही मिळून जातो.

अडचण दोन वर्षांनी कळते. इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे ५०-५०. दहावीत जो विषय झाकला गेला, त्यालाच इथे निम्मे वजन! आयआयटीचे दार आणखी अरुंद. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत येण्यासाठी एकूण गुणांबरोबर प्रत्येक विषयात वेगळे किमान गुण लागतात.

डॉक्टर व्हायचे असेल तर? नीटमध्ये गणिताचा पेपर नाही आणि ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. पण भौतिकशास्त्राचे १८० आहेत आणि त्यात आकडेमोड सुटत नाही.

आता हीच मुलगी दुसऱ्या वाटेवर पाहा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेत गणिताचा वाटा साधारण १० टक्के, तोही दहावीच्या पातळीचा. बाकी इंग्रजी, तर्क, चालू घडामोडी आणि कायद्याची समज. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून इंग्रजी वाचनाची सवय अकरावीपासूनच हवी.

दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटीवर होतात. या परीक्षेत विद्यार्थी विषय निवडतो आणि भाषांच्या यादीत उर्दू व मराठी दोन्ही आहेत. मात्र तिथे अर्थशास्त्र ऑनर्स हवे असेल, तर गणिताचा पेपर द्यावाच लागतो.

म्हणून अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी मुलांना जवळ बसवा. एका कागदावर सहाही विषयांचे गुण लिहा. समोर त्यांच्या आवडीच्या दोन-तीन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा आणि त्यात कोणत्या विषयाला किती वजन आहे, ते लिहा. कच्चा विषय त्या वाटेवर लागणारच असेल, तर त्याची तयारी त्याच सुट्टीत सुरू करा. लागत नसेल, तर पक्क्या विषयांना वेळ द्या. आणि अकरावीत गणित सोडताना लक्षात ठेवा, इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांची वाट तिथेच बंद होते.

गणितात ४४ पडले म्हणून मुलीचे शिक्षण थांबवणारी घरे आम्ही पाहतो. तेवढ्याच गुणांच्या मुलाला कर्ज काढून इंजिनिअरिंगच्या क्लासला घालणारी घरेही पाहतो. दोन्ही घरांत त्या मुलांचे ९२ आणि ८८ कुणी वाचलेलेच नसतात. ते वाचा. पुढची वाट तिथूनच सापडेल, इन्शाअल्लाह.