युद्धयंत्र बदलण्याची किंमत

काल्पनिक युद्धयंत्रांच्या खेळांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. खेळाडूने हाती आलेले यंत्र आहे तसे वापरावे, की त्यातली शस्त्रे काढून हवी ती बसवण्याची सहज मुभा त्याला असावी? प्रश्न वरकरणी हौशी मंडळींचा वाटतो. पण कल्पित जगातल्या वस्तूला व्यक्तिमत्त्व कशाने येते, हा साहित्याच्या अभ्यासकालाही जवळचा प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून मी एकाच खेळाच्या आधारे त्याचा विचार करणार आहे.

तो खेळ म्हणजे 'बॅटलटेक'. अमेरिकेत शिकागोच्या 'फासा कॉर्पोरेशन'ने १९८४ मध्ये तो 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने काढला. 'ड्रॉइड' या शब्दावर 'स्टार वॉर्स'च्या लुकासफिल्मने हक्क सांगितल्यामुळे नाव बदलावे लागले. काळ एकतिसाव्या शतकाचा. २० ते १०० टन वजनाची, दोन पायांवर चालणारी पोलादी यंत्रे, म्हणजे 'मेक', एकमेकांशी लढतात. साहित्य साधे : षट्कोनी घरांचा नकाशा, दोन फासे आणि प्रत्येक यंत्राचा कागदी तक्ता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या युद्धांत ही यंत्रे घडवण्याची विद्या बरीचशी नष्ट झाली आहे. त्यामुळे आजोबांचा मेक नातवाकडे वारशाने येतो, त्यातल्या खोडींसकट.

या खेळाचा गाभा उष्णतेत आहे. प्रत्येक शस्त्र झाडले की यंत्र तापते. 'हीट सिंक' नावाचे भाग ती उष्णता बाहेर टाकतात, साध्या प्रकारचा प्रत्येक भाग एका फेरीत एक एकक. उष्णता साचत गेली तर यंत्र मंदावते, नेम चुकतो, दारूगोळ्याचा स्फोटही होऊ शकतो.

आता 'रायफलमन' हा ६० टनी मेक पाहा. त्याच्यावर दोन मोठे लेसर, दोन मध्यम लेसर आणि दोन ऑटोकॅनन आहेत. सगळी एकदम झाडली तर २४ एकक उष्णता निर्माण होते. हीट सिंक मात्र दहाच. म्हणजे जागेवर उभे राहून दोन्ही ऑटोकॅनन आणि एक मोठा लेसर झाडला की हिशेब बरोबर दहावर संपतो. दुसरा लेसर हाताशी असून वापरायचा की नाही, हे दर फेरीला ठरवावे लागते. मला या खेळात जे नाट्य दिसते ते इथे आहे. रायफलमन लक्षात राहतो तो त्याच्या शस्त्रांमुळे नव्हे, त्याच्या या अडचणीमुळे.

खेळात यंत्र स्वतः रचण्याचे नियमही आहेत, आणि त्यांनी ही अडचण पाच मिनिटांत मिटते. आठ टनांचे दोन्ही ऑटोकॅनन आणि त्यांचा एक टन दारूगोळा काढला की १७ टन मोकळे होतात. त्यातल्या १४ टनांचे हीट सिंक बसवले, उरलेल्या तिनांचे चिलखत. आता धावता धावता चारही लेसर झाडले तरी यंत्र तापत नाही. पल्ला थोडा घटतो, एवढेच नुकसान. पण ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. नावे वेगवेगळी राहतात आणि आतून यंत्रे एकसारखी होत जातात : सर्वांत किफायतशीर शस्त्र ठासून भरायचे, वर हीट सिंक. स्वातंत्र्य पूर्ण मिळाले की विविधता वाढण्याऐवजी घटते, ती अशी.

संगणकावरच्या आवृत्त्या या पेचाशी झगडत आल्या आहेत. १९९५ च्या 'मेकवॉरियर २' मध्ये वजन आणि जागेचे बंधन पाळले की जवळजवळ कोणतेही शस्त्र कुठेही बसत असे. २००० च्या 'मेकवॉरियर ४'ने प्रत्येक यंत्रावर जागा नेमून दिल्या : इथे क्षेपणास्त्रे, इथे लेसर, इथे तोफ. २०१८ च्या 'बॅटलटेक'मध्ये अशा नेमलेल्या जागा तर आहेतच, शिवाय प्रत्येक बदलाला पैसे आणि दिवस लागतात, आणि तेवढे दिवस ते यंत्र लढाईला मिळत नाही. मला हा शेवटचा उपाय सर्वांत सयुक्तिक वाटतो, कारण प्रत्यक्ष इतिहासही तेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी अमेरिकी शर्मन रणगाड्यावर आपली १७ पौंडी तोफ बसवली आणि त्याला 'फायरफ्लाय' म्हटले. तोफ आत मावण्यासाठी आडवी वळवावी लागली. रेडिओ बुरुजामागे जोडलेल्या पेटीत गेला. लांबलचक गोळ्यांना जागा हवी म्हणून पुढच्या मशिनगनवाल्याचे आसन काढले, आणि पाच जणांच्या रणगाड्यात चारच उरले. अलीकडे अमेरिकी नौदलाने किनारी लढाईसाठी अशी जहाजे बांधली, की सुरुंग शोधणे, पाणबुड्यांचा माग काढणे अशा कामांनुसार त्यांची सामग्री अदलाबदल करता यावी. २०१६ मध्ये ती कल्पना मागे पडली आणि एका जहाजाला एकच काम नेमण्याचे ठरले. सामग्री बदलता येते. त्या कामात मुरलेले खलाशी तसे बदलता येत नाहीत.

दुसरी बाजूही खरी आहे. अनेकांना लढाईपेक्षा जुळवाजुळवीतच गोडी असते. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरची १९९७ पासूनची 'आर्मर्ड कोअर' मालिका याच आनंदावर उभी आहे. तिथे पायांना किती भार पेलतो, ऊर्जा किती पुरते, याची मर्यादा मात्र असते. शिवाय नवशिक्याच्या हाती सदोष यंत्र देऊन 'निभाव आता' म्हणणे हाही न्याय नव्हे.

म्हणून 'सोपे' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. बदल करण्याची रीत सोपी असावी. तक्ता समजावा, बेरीज चटकन जमावी, चूक झाली तर मागे फिरता यावे. परिणाम मात्र फुकट नसावा. एखादी तोफ चढली तर काहीतरी उतरले पाहिजे, आणि काय उतरले ते खेळाडूला दिसले पाहिजे. नाहीतर युद्ध म्हणजे निव्वळ खरेदीची यादी होते. फायरफ्लायच्या त्या काढलेल्या आसनावर एक माणूस बसत होता. खेळातले यंत्र काल्पनिक असले, तरी त्या रिकाम्या जागेची जाणीव देण्याइतके ते खरे असावे, असे मला वाटते.