मुठीतून चिमटीत: पेन्सिलीचा प्रवास

निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या सायखेड्यात द्राक्षांचे दिवस आले, की तीन वर्षांचं पोरगंही घडातला एकेक मणी अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून खुडतं आणि तोंडात टाकतं. ही चिमटी त्याला कुणी शिकवलेली नसते. वर्षाचं होईतो ती आपसूक जमते. पण त्याच हातात पेन्सिल द्या, लगेच मूठ! मग आई करवादते, "अरे, नीट धर की!"

जरा दमानं. दीड वर्षाला मूठच असायची. दोन-तीन वर्षांचं मूल बोटं खाली वळवून पेन्सिल धरतं आणि रेघ ओढताना त्याचा सगळा हात हलतो. साडेतीन-चारच्या सुमारास अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र येतात, पण हलतं ते मनगटच. बोटं स्वतः नाचायला लागतात ती साडेचार ते सहाच्या दरम्यान.

यामागे हाडांचंही कारण आहे. मोठ्या माणसाच्या मनगटात ८ हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात बहुधा एकही तयार नसतं, नुसती कूर्चा! ती एकेक करून घडतात आणि वाटाण्याएवढं शेवटचं हाड दिसायला ८ ते १२ वर्षं लागतात. बालवाडीतच पानंच्या पानं गिरवून घेणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आणखी एक गंमत. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच, ते तळव्यात आणि कोपराखालच्या हातात असतात. खोटं वाटत असेल, तर एका हातानं दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटं हलवून बघा.

फुकटची तालीम

म्हणजे पेन्सिलीची तयारी पेन्सिलीविनाच करायची. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कणकेचे गोळे करणं, कांद्याचा पापुद्रा न फाडता काढणं. निफाड तालुक्यात कांद्याला काय तोटा! आणि रांगोळी तर फर्मासच. पीठ सोडायला तीच बोटं लागतात, जी पुढे पेन्सिल धरणार आहेत.

रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांत लाकडी दट्टे होते, त्यांच्या मुठी मुद्दाम लहान ठेवलेल्या. तीन बोटांनीच उचलता यावेत! पण असली साधनं महाग. १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंवर काम भागवलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. माझं मत विचाराल, तर दुकानातल्या रंगीत रबरी पकडीपेक्षा चिंचोके बरे.

आखूड तेच गुणी

नवा लांब खडू मुठीत धरता येतो, इंचभर तुकडा येत नाही. तो बोटांनीच धरावा लागतो. म्हणून मोडके खडू फेकू नका. अनेक जिल्हा परिषद शाळांत भिंतीचा खालचा पट्टा मुलांसाठी काळा रंगवलेला असतो. त्या उभ्या फळ्यावर लिहिताना मनगट आपोआप किंचित मागे झुकतं, आणि वहीवर लिहायलाही नेमकं तसंच हवं असतं.

आपल्या जुन्या रीतीही काही कमी नाहीत. दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, म्हणजे तोच आकार पुन्हा पुन्हा. मुलांना सरळ रेघा लवकर जमतात, तिरप्या नंतर. मग ग, म, भ, न. सारख्या वळणाची अक्षरं आधी, किचकट 'अ' मागाहून.

मग 'बरोबर' पकड कोणती?

कॅनडात चौथीच्या १२० मुलांचं लेखन तपासलं गेलं, २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. तीन बोटांच्या दोन पकडी, चार बोटांच्या दोन. वेग आणि सुवाच्यता यांत फरक पडला नाही! तेव्हा मधल्या बोटासोबत अनामिकाही आली, तर फटका देऊ नका. हात दुखतो का, पेन्सिलीचं टोक सारखं मोडतं का, बोटांची पेरं पांढरी पडतात का, एवढं पाहा.

डावखुऱ्यांचा मामला थोडा वेगळा. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्यांचा हात लिहिलेल्यावरूनच फिरतो. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा, वहीची वरची बाजू उजवीकडे झुकवा. तरीही करंगळीची कड काळी होईलच. हात धुवायला सांगा, पण पेन्सिल उजव्या हातात देऊ नका.